मान खाली

डिटॅच्ड.

हा शब्द डॉक्टरांचा. "डोळ्याचा पडदा डिटॅच झालाय." मी जॅकेटांच्या कारखान्यात टोप्या शिवतो. माझ्या टोपीच्या लेबलवर छापलेलं असतं, डिटॅचेबल हूड. मला वाटलं, जे सुटतं ते परत लावताही येत असणार. म्हणालो, "मग प्रेस बटण मारून टाका की." डॉक्टर हसले नाहीत. ताई हसली, मग रडली, मग डॉक्टरांना म्हणाली, "याला लहानपणापासून कुठे काय बोलावं ते कळत नाही."

ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा वर जातो आणि पडद्याला दाबून धरतो, म्हणून डोळ्याची मागची बाजू वर हवी, म्हणून तोंड खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, चालताना खाली. मान वर केली आणि पडदा पुन्हा सुटला, तर त्या डोळ्याचा विषय संपला. दुसरा डोळा जन्मापासून नावालाच आहे.

अटॅच्ड.

हा घरमालकाचा. "न्हाणीघर अटॅच्ड आहे," असं तो म्हणाला होता, जणू राजवाडाच भाड्याने देतोय. आता मला पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची फरशी न् फरशी ओळखू येते. एकीचा कोपरा उडालाय. एकीवर शाईचा डाग आहे. पलंगाच्या कडेबाहेर माझं डोकं, कपाळाखाली ताईने शिवलेली गोल उशी, जॅकेटात भरायचा कापूस कोंबलेली. उशीच्या भोकातून जमीन दिसते.

जमिनीवर पाय येतात.

ताईचे, टाचा फुटलेले. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. माझ्या डोळ्यापायी तिने लग्न केलं नाही, असं लोक म्हणतात. ती म्हणते, "कोणी विचारलंच नाही रे ढब्बू."

आणि तपकिरी बूट. कोपऱ्यावरचे केमिस्ट. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची. थेंबांची बाटली पोचवायला येतात. बाटली एवढीशी, पण दर वेळी काहीतरी द्यायचं राहिलेलं असतं. कधी कापूस, कधी पट्टी, एकदा तर नुसतीच पावती. बुटांना पॉलिश असतं.

काल ताईच्या पायांत नव्या चपला होत्या. घरात.

अटॅचमेंट.

हा कारखान्यातला. मशीनला जोडायचा सुटा भाग. चेन शिवायचा वेगळा, दुमड घालायचा वेगळा. एरवी डब्यात पडून असतात. मशीन विकलं की डबाही सोबत जातो. डब्याला कोणी विचारत नाही.

काल, बाहेरच्या खोलीत, केमिस्टांचा आवाज:

"माझ्या मुलीच्या गावी दुकान हलवतोय मी. तुम्ही यावं असं वाटतं. म्हणजे, रीतसर. लग्न करून."

चपला दारापर्यंत वाजत गेल्या, परत आल्या.

"त्याच्या डोळ्याचा पडदा नीट बसला तर येईन," ताई म्हणाली. "नाही बसला तर हा विषय पुन्हा काढू नका."

"त्याला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? तोंड पाडून बसेल."

"ते तर आधीच पाडून बसलेत."

दोघं हसली. ताईचं असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

डिटॅचेबल.

तसं सोपं आहे. मान वर केली की ताई राहणार. कोणाला कळणारही नाही. डॉक्टर म्हणतील, कधी कधी नाही चिकटत. ताई एक दिवस रडेल, दुसऱ्या दिवशी बाह्या सावरून कामाला लागेल. माझा चहा, माझे थेंब, माझा हात धरून रस्ता. नव्या चपला खोक्यात.

मान

थोडीशीच

पलंग करकरला.

"मान!" स्वयंपाकघरातून.

खाली. बुडबुडा हेलकावला आणि थांबला.

ताईचे पाय आले. उभे राहिले. मग गुडघे आले. मग ती चक्क फरशीवर उताणी झाली आणि सरकत सरकत माझ्या खाली आली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला. धूसर, पण तिचाच.

"ऐकलंस ना काल?"

"भिंत पातळ आहे."

"मग आता तोंडावर बोल. पळायला जागा नाहीये तुला."

खरंच नव्हती. वर बघायचं नाही, आणि खाली ती.

माझ्या डोळ्यातून एक थेंब तिच्या कपाळावर पडला.

"औषध आहे," मी म्हणालो.

"हो, औषधच," ती म्हणाली. "हे बघ, डोळा बसला तर जाईन, नाही तर नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

"असं नको."

"मग कसं?"

मी उशी घट्ट धरली. "नाही बसला तरी जा."

"आणि तुझं?"

"माझं मी बघेन."

"कशाने बघशील, मेल्या?"

मला हसू फुटलं. तीही हसायला लागली, हसत हसत उठायला गेली आणि मध्येच थांबली.

"ढब्बू."

"काय?"

"गुडघा धरला. उठता येत नाहीये."

मला वजन उचलायला मनाई. तिला कुशीवर वळता येईना. वर मी, खाली ती. दोघांचे श्वास एकमेकांच्या तोंडावर.

दारावर टकटक झाली. "कापूस द्यायचा राहिला होता!"

"कडी आतून आहे," ताई कुजबुजली. तिचे कान लाल झाले होते. "अशी कशी दिसू मी त्यांना? गप्प बस. कोणी नाही असं वाटेल. जातील."

जातील.

मला काहीच करायचं नव्हतं. मान वर करायची नव्हती की डोळा घालवायचा नव्हता. फक्त गप्प पडून राहायचं होतं.

पुन्हा टकटक, जरा हळू.

मी मागे सरकत पलंगावरून उतरलो. न्हाणीघराकडे नाही, उलट दिशेला. इकडच्या फरश्या ओळखीच्या नव्हत्या. भिंतीला हात लावत, खुर्चीचा पाय चुकवत गेलो. मागून ताई ओरडत होती, "अरे, ढब्बू! अरे गाढवा!" कडी चाचपडून काढली.

तपकिरी बूट.

"आत या," मी बुटांना म्हणालो. "ती खाली अडकलीये. मला ओढता येणार नाही. तुम्हीच उठवा."

बूट पायपुसण्यावर पुसले गेले, पुन्हा एकदा पुसले गेले, आणि माझ्या बाजूने आत गेले. मी तिथेच उभा राहिलो, मान खाली, दार उघडं धरून.