आठवं नाव

आमच्या शाळेत बारावीला कॅल्क्युलसचा वर्ग भरवायचा तर किमान आठ मुलं लागतात. सातच झाली तर शिक्षकांचा तो तास नववीच्या बीजगणिताला जातो. नियम मी केलेला नाही, पण मार्चमध्ये पुढच्या वर्षाच्या विषयनिवडीचे फॉर्म माझ्या टेबलावर येतात, म्हणून शिव्या मला बसतात. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या गव्हाच्या शेतांमधलं आमचं गाव. अकरावीत सगळी मिळून एकतीस मुलं आणि त्यांची समुपदेशक मी एकटी.

त्या वर्षी सिग्नी आम्डाल अकरावीत होती. तिला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि तेही पूर्वेकडच्या एका नावाजलेल्या कॉलेजात. आमच्या शाळेतून तिथे आजवर कुणी गेलं नव्हतं. ‘‘बारावीला कॅल्क्युलस नसेल तर ते माझ्या अर्जाकडे बघतील तरी का, प्रुइटबाई?’’ असं तिने मला दहादा तरी विचारलं असेल. ‘‘फॉर्म येऊ देत,’’ एवढंच मी म्हणायचे.

फॉर्म आले. कॅल्क्युलसला सात नावं झाली. शेवटच्या दिवशी आठवं आलं, डार्ला कोवॅल्चकचं.

डार्ला ही सिग्नीची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिला नर्स व्हायचं होतं. बारावीला तिसऱ्या तासापासून गावातल्या दवाखान्यात नर्सिंगचा वर्ग असायचा. वर्षाच्या अखेरीस प्रमाणपत्र मिळायचं आणि नर्सिंगच्या कॉलेजात त्याचा फायदा व्हायचा. कॅल्क्युलसही तिसऱ्याच तासाला. गणितात डार्ला कशीबशी पास होणारी. मी तिला बोलावलं.

‘‘डार्ला, हे काय लिहिलंयस?’’

‘‘कॅल्क्युलस.’’

‘‘ते दिसतंय मला. आणि दवाखाना?’’

‘‘दवाखाना कुठे पळून जातोय? नंतर बघीन.’’

‘‘सिग्नीने सांगितलं का?’’

‘‘तिला कशाला मधे आणता? माझा फॉर्म, माझी मर्जी. करा ना सही!’’

मला सगळं कळत होतं. डार्लाचे गुण घसरणार, प्रवेश लांबणार, तेही दिसत होतं. पण वर्ग भरणार होता. आमच्या शाळेची एक मुलगी त्या कॉलेजात जाईल, पेपरात फोटो येईल, हेही मनात आलंच. मुलगी स्वतःच म्हणतेय, मी कोण अडवणार, असं स्वतःला समजावून मी सही केली.

तीन दिवसांनी सिग्नी दार न वाजवताच आत आली.

‘‘डार्लाच्या फॉर्मवर तुम्ही सही केलीत?’’

‘‘तिने स्वतः...’’

‘‘ती करणारच हो! माझ्यासाठी ती विहिरीतही उडी टाकेल. पण तुम्ही? तुम्हाला तर तिचे गणिताचे गुण पाठ आहेत.’’

‘‘खोडा तिचं नाव,’’ ती म्हणाली. ‘‘वर्ग जाईल, सिग्नी.’’ ‘‘जाऊ दे.’’

डार्लाला पुन्हा बोलावून मी तिची माफी मागितली आणि फॉर्म बदलायला लावला. तिने बदलला, पण रडत. ‘‘मी दिलेलं तिला नको झालं,’’ म्हणाली. त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. सगळा उन्हाळा तसाच गेला.

बारावीत तिसऱ्या तासाला सिग्नी ग्रंथालयात एकटी बसून संगणकावर कॅल्क्युलस शिकायची. कुठे अडली तर गणिताचे सर जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं काढायचे, तेवढंच. तिच्या शिफारसपत्रात मी साधं लिहिलं: आमच्याकडे हा वर्ग भरला नाही, ही मुलगी एकटी शिकते आहे. वर्ग का भरला नाही तेही लिहावंसं वाटलं, पण सिग्नी नको म्हणाली. ‘‘त्यातून मी मोठी दिसेन, आणि डार्ला बिचारी.’’

ऑक्टोबरमध्ये डार्लाला रक्तदाब मोजायचा सराव हवा होता. मुलं तिला बघून पळायची, कारण ती दंडावरचा पट्टा फार आवळायची. एका दुपारी शाळेच्या खानावळीत सिग्नी तिच्यासमोर येऊन बसली आणि तिने बाही वर केली.

‘‘घे. पण हात तोडू नकोस, लिहायला लागतो.’’

‘‘गप्प बस गं, आकडा चुकतो,’’ डार्ला म्हणाली. आकडा तरीही चुकला. तीनदा मोजला. चौथ्यांदा दोघी हसायला लागल्या.

मार्चच्या शेवटी पूर्वेकडच्या कॉलेजचा नकार आला. सिग्नीने तो मला आणून दाखवला. ‘‘कॅल्क्युलसमुळे?’’ तिने विचारलं.

‘‘माहीत नाही गं. ते कारण कळवत नाहीत.’’

खोटा धीर द्यायचा मोह झाला होता, पण या वेळी मी तो टाळला. मग ती राज्याच्या विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगचा अर्ज उघडून म्हणाली, ‘‘यातला वसतिगृहाचा रकाना कसा भरायचा, सांगा.’’

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.