तुफानच्या हातातला खडू

मित्रांनो, मी एक जुना दगडी फळा आहे आणि राहतो चक्क संगणकाच्या वर्गात. खाणीतून काढून कारागिरांनी मला घासूनपुसून गुळगुळीत केले. तेव्हापासून गणिताच्या बाईंचे सुबक अक्षर मी अंगावर मिरवत आलो.

पुढे माझ्यासमोर प्रोजेक्टरचा पांढरा पडदा आला. चित्रे भराभर सरकत, मुले माना डोलावत आणि परीक्षेत कोरे पेपर देत. मी पडद्यामागे धूळ खात होतो.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिचा प्रोग्रॅम लिहिण्याचा वेग पाहून सगळे तिला तुफान म्हणत. तिची ताई रक्तपेढीत काम करायची. तिथे एकाच रक्तदात्याची नोंद अनेकदा झालेली असे, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा फोन जाई. तुफानने अशा नोंदी शोधणारा प्रोग्रॅम लिहिला. तो थोड्या नावांवर झकास चालला, पण सगळ्या शहराची नावे घातल्यावर बसूनच राहिला.

"बाई, नवा कंप्युटर लागेल," ती रडवेली होऊन म्हणाली.

बाईंनी पडदा वर सारला. "कंप्युटर राहू दे. खडू घे."

तिने माझ्यावर एका नोंदीसाठी एक असे ठिपके काढले आणि प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना जोडला. ठिपके दुप्पट केले, तर रेघा जवळजवळ चौपट झाल्या. तिचा हात थांबला. "म्हणजे मी प्रत्येक दात्याचा फोन नंबर बाकी प्रत्येकाशी ताडून बघतेय," ती पुटपुटली.

मग बाईंनी तिला यादीचे अर्धे अर्धे तुकडे करायला लावले. एकेक नंबर उरला की ते तुकडे चढत्या क्रमाने जोडत यायचे. सारखे नंबर आपोआप शेजारी येतात! ही रीत कितीही मोठ्या यादीवर चुकणार नाही, हे तुफानने विगमनाने, म्हणजे लहान यादीवरून तिच्याहून मोठ्या यादीकडे जात, पायरी पायरीने सिद्ध केले. माझा कोपरान् कोपरा भरला. सगळा वर्ग उठून जवळ आला होता.

तुफानने याच रीतीने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला आणि तो सगळ्या शहराच्या यादीवर झरझर चालला. त्याच आठवड्यात ताईचा निरोप आला. एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचे रक्त हवे होते आणि दाता वेळेत सापडला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. ते ऐकून माझी दगडाची छाती फुगली.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, माझ्यावर खिळे ठोकू नका. आणि पुसण्याआधी एकदा मागे वळून विचारा, "सगळ्यांना कळलं ना?"