घोडेगावात मला जाळायला आले तेव्हा

होय मित्रांनो, मी एक जुना विलायती भुताचा सिनेमा आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. माझा जन्म गरिबीतला. एका पडक्या बंगल्यात ओल्या गवताच्या धुराचं धुकं केलं, बिटाच्या रसाचं रक्त केलं आणि मला उभं केलं. माझ्यातला म्हातारा सरदार मरणाला फार भितो. अमर होण्याचं औषध शोधून तो पितो. मग बायको जाते, मुलं जातात, तो एकटाच उरतो.

मोठ्या शहरांनी मला हसून हाकललं. बहात्तरच्या दुष्काळात मी कानिफनाथ नावाच्या मालकांच्या तंबू टॉकीजबरोबर घोडेगावच्या बाजाराला आलो. माझं इंग्रजी तिथे कोणाला कळणार? म्हणून त्यांची बायको विजयमाला कर्ण्यावरून सगळी गोष्ट मराठीत सांगायची. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेल्या बाया आधी खूप हसल्या. मग पुढे सरकून ऐकू लागल्या.

सकाळी गावातले वजनदार गृहस्थ आप्पासाहेब रॉकेल घेऊन आले.

"ही भुतं आनली म्हनून पाऊस पळाला. जाळा ती रिळं!"

कानिफनाथ हात जोडत राहिले. आप्पासाहेबांच्या माणसांनी माझे डबे ओढून मातीत टाकले. मला भीती वाटली, पण राग त्याहून जास्त आला. ज्यांनी मला पाहिलंही नाही, ते मला जाळणार?

तेवढ्यात खडीवरच्या भागूबाई पुढे झाल्या. चारा नाही म्हणून त्यांनी नुकतीच बैलजोडी विकली होती. त्या सरळ माझ्या डब्यावर बसल्या.

"पाऊस कवाचा गेलाय, आप्पा. हे भूत काल आलं. त्याच्यावर कशाला आळ घेता?"

"ऊठ, भागूबाई!"

"न्हाई उठायची. आदी तुमी बघा. मग जाळावं वाटलं, तर काडी मी लावते."

माणसं हसू लागली. आप्पासाहेबांचा नाइलाज झाला. संध्याकाळी ते पुढे बसले, रॉकेलचा डबा पायाशी ठेवून. पडद्यावर सरदार रिकाम्या घरात एकेकाला हाका मारत फिरू लागला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"विजयमाला, शेवटी तरी मरान येतं का गं त्याला?"

"न्हाई, आप्पा."

"अरारा!" ते म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

मित्रांनो, आज माझ्यावर ओरखडे आहेत, आवाज खरखरतो. तरी मी दयेची भीक मागत नाही. जुन्या गोष्टी जपा, त्यांची धूळ झटका. आवडलो नाही तर तोंडावर सांगा. पण डबा न उघडता मला फेकू नका. मी अजून चालतो!