सुरीचा चौथा नकाशा

निरोप समारंभात मॅनेजर म्हणाले, "साहेबांच्या हातून आजवर एकही सदोष वस्तू सुटली नाही." टाळ्या झाल्या. त्या ओसरत असतानाच मागच्या रांगेतून आवाज आला, "सुटायला आधी व्हावी लागते. साहेबांच्या हातून वस्तू झालीय कधी?" या वाक्याला टाळ्या जास्त पडल्या.

बोलणारा कोण, हे ओळखायला साहेबांना मान वळवावी लागली नाही. तो लेथवरचा टर्नर होता. कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनत आणि साहेब तपासणी विभागात बसत. कुणी दांडा घेऊन आला की ते तो कागदावरच्या नकाशाशी ताडून मोजत, केसभर कमी-जास्त निघाला की त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढत आणि परत सरकवत. सगळा कारखाना त्यांना नापाससाहेब म्हणायचा, आणि तेही हे नाव पदवीसारखं मिरवायचे. टर्नर गयावया करायचा, "साहेब, नकाशात तेवढं बदलून घ्या ना." त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "वस्तू नकाशासारखी करायची असते. नकाशा वस्तूसारखा नाही."

निवृत्त झाल्यावर ते घरी आले ते टर्नरचं वाक्य बरोबर घेऊनच. घड्याळ, शाल, पुष्पगुच्छ यांना घरात जागा मिळाली, त्या वाक्याला मिळेना. खरंच, आयुष्यभर आपण दुसऱ्यांनी केलेलं परत पाठवलं. आपण काय केलं?

त्याच सुमाराला मुलीने ऑफिसातली नोकरी सोडून सूप आणि सॅलडचं छोटं दुकान टाकायचं ठरवलं. भाडं भरून झालं, टेबलं आली, पाटी रंगवून झाली. जेवताना ती म्हणाली, "आता एक मोठी, चांगली सुरी घ्यायची राहिलीय. सगळा खेळ तिच्यावरच आहे. कोबी, गाजर, काकडी, सगळं हातानेच कापणार."

नापाससाहेबांनी घास खाली ठेवला. "बाजारात सुऱ्या मिळत नाहीत. मूठ लावलेले पत्रे मिळतात. तुझी सुरी मी करीन."

"करीन म्हणजे?"

"करीन म्हणजे करीन. घरी. स्वतः."

"खिळा ठोकायचा तर हे सुतार बोलावतात," बायको म्हणाली.

"मी खिळा ठोकत नाही, कारण आपली भिंत ओळंब्यात नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे. पहिलाच सोमवार. तुम्ही देणार असाल तर मी दुसरी घेत नाही, तेवढे पैसे फ्रिजला लावते. पण मग नक्की द्या हं. सुरी नसेल तर मी लोकांना काय, अख्खा कोबी देऊ?"

"दिली," नापाससाहेब म्हणाले.

पहिला आठवडा अभ्यासात गेला. घरच्या घरी सुरी कशी करावी हे मोबाइलवर शिकवणारे पुष्कळ होते. त्या सगळ्यांना दाढ्या होत्या आणि सगळे जण 'हे अगदी सोपं आहे' असं म्हणूनच सुरुवात करत. नापाससाहेबांनी दाढी करणं थांबवलं. मग चामड्याचा एप्रन आला, कोपरापर्यंतचे हातमोजे आले, डोळ्यांवर लावायचा मोठा चष्मा आला. हे सगळं चढवून ते स्वयंपाकघरात आले तेव्हा बायकोने विचारलं, "कुणाचं ऑपरेशन आहे?"

मग त्यांनी नकाशा काढला. समोरून, बाजूने, आडवा छेद. पातं वीतभर आणि वर तीन बोटं लांब. खाली कोपऱ्यात तीन चौकटी होत्या: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तिन्ही सह्या त्यांनी स्वतःच केल्या, आणि नकाशा फ्रिजच्या दारावर लावला. तो इतका सुंदर होता, की बायकोसुद्धा दूध काढताना दोन क्षण थांबली. "हाच देऊन टाका तिला," ती म्हणाली. "फ्रेम करून."

पोलादासाठी त्यांनी एक जुनी, जाडजूड कानस मिळवली. कानस मुळातच कसदार पोलादाची असते, पण इतकी कडक, की तिच्यावर करवत चालत नाही. म्हणून आधी ती लालभडक तापवायची आणि राखेत पुरून हळूहळू निवू द्यायची, मग ती नरम पडते. मागच्या बाल्कनीत भट्टीच्या विटा रचून आणि गॅसचा बर्नर लावून त्यांनी हे काम बिनचूक केलं. बायकोने वाळत घातलेले कपडे आत घेतले, आणि महिनाभर ते बाहेर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी करवत चालवायची होती. कानशीवर सुरीचा आकार रेखून झाला होता. रेषेच्या बाहेरून कापायचं, हे नापाससाहेबांनी शेकडो नवख्यांना ऐकवलं होतं. करवत मात्र त्यांच्या व्याख्यानांना हजर नव्हती. ती मध्येच रेषा ओलांडून आत शिरली आणि पात्याची चांगली बोटभर रुंदी खाली पडली.

ते बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसले. लाल रंग घरात होता. त्यांनी तो काढला नाही. ते आत गेले, कोरा कागद घेतला आणि अरुंद पात्याची सुरी काढली. वर लिहिलं, 'सुधारित'. खाली तीन सह्या केल्या.

"काय हो, बारीक झाली?" फ्रिज उघडताना बायकोने विचारलं.

"रुंद पातं भाजीला चिकटतं. विचार करून बदललंय."

"विचार कापायच्या आधी केला की नंतर?"

तांत्रिक चर्चा ते सगळ्यांशी करत नसत.

पुढची पायरी पाणी देण्याची. पातं पुन्हा लाल करायचं आणि एका दमात गार करायचं, म्हणजे ते कडक होतं. दाढीवाले कोमट तेलात बुडवत होते. नापाससाहेबांचं म्हणणं असं, की आपण 'पाणी देणं' म्हणतो, 'तेल देणं' म्हणत नाही. बापजाद्यांनी शब्द उगाच केलेला नाही. त्यांनी पातं बादलीत बुडवलं. आतून टिंग असा गोड आवाज आला. टोकाला उभी चीर गेली होती.

पातं पुन्हा नरम करून टोक कापून टाकावं लागलं. नंतर पातं परत लाल केलं आणि मुकाट्याने तेलातच बुडवलं. घरभर धूर झाला, खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली आणि 'जळलं का काही?' म्हणून विचारून गेली. रात्री फ्रिजवर तिसरा नकाशा लागला. यात सुरीला टोक नव्हतं. टीप होती: 'सुरक्षिततेसाठी अग्र बोथट.'

टर्नर आला तो त्या आठवड्यात. इकडून चाललो होतो, म्हणाला. पण पाणी प्यायच्या आधीच त्याने विचारलं, "साहेब, सुरी करताय म्हणे?" बातमी कुणी पोचवली हे शोधायची गरज नव्हती. बायको चहा टाकायला वाजवीपेक्षा जास्त उत्साहाने उठली होती.

फ्रिजसमोर टर्नर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याने वरचा नकाशा उचलून खालचा पाहिला, तो उचलून त्याच्या खालचा पाहिला. आयुष्यात इतका आनंद त्याला लेकीच्या लग्नातही झाला नसावा.

"साहेब," तो अगदी हळू, देवळात बोलावं तसा म्हणाला, "नकाशा बदलता येतो?"

"ही उत्पादनाची गोष्ट नाही. हे विकसन आहे. विकसनात बदल होतात."

"असं होय. मग माझे ते सगळे दांडे विकसनच होते की. आणि तुम्ही उगाच रंग वाया घालवलात."

"चहा घे. गार होईल."

टर्नरने पातं हातात घेतलं, एक डोळा मिटला आणि धारेच्या रेषेत पाहिलं. "मला सुरीतलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण ही डावीकडे बघतेय."

बघत होती. तेलात गार होताना पात्याला बाक आला होता. हे नापाससाहेबांना तीन दिवसांपासून माहीत होतं. तीन दिवस ते त्या बाकाकडे उजवीकडून बघत होते.

टर्नर जिना उतरला असेल-नसेल, त्यांनी पातं लोखंडी शिकंज्यात आवळून धरलं आणि सरळ करायला जोर लावला. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं. ते आधी थोडं भाजून नरमवावं लागतं, हे त्यांच्या वहीत तांबड्या शाईने लिहिलेलं होतं. पण राग वही वाचत नाही. काडकन! पात्याचा मोठा भाग विटांच्या मागे जाऊन पडला. हातात उरलं ते चार बोटं लांबीचं पातं.

चौथ्या नकाशावर 'बहुउपयोगी लघु सुरी' असं लिहिलेलं होतं. खाली तीन सह्या होत्याच. यावेळी त्यांनी पातं रीतसर बायकोच्या ओव्हनमध्ये भाजलं, वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंत. पुढे चार दिवस घरातल्या प्रत्येक पदार्थाला कानशीची चव होती. मूठ मात्र आधीच तयार होती. जुन्या खुर्चीच्या पायातून, पहिल्या नकाशाबरहुकूम, केसाचाही फरक न पडता कोरलेली. संपूर्ण प्रकल्पात तेवढी एकच गोष्ट बिनचूक झाली होती, त्यामुळे ती बदलायला ते तयार होईनात. तिला पातं बसवलं तेव्हा मोठ्या कवचातून कासवाने मान बाहेर काढावी तसं दिसलं.

"गोड आहे," बायको म्हणाली, आणि एवढंच बोलून गप्प बसली. ती गप्प बसली, हे वाईट लक्षण होतं.

रविवारी दुपारी ते सुरी घेऊन मुलीच्या दुकानात गेले. खिशात चौथा नकाशा होता. निघण्यापूर्वी त्यांनी सुरी त्या नकाशाशी ताडून पाहिली होती आणि ती तंतोतंत पास झाली होती. बाकसुद्धा नकाशात होता, 'नैसर्गिक वक्रता' या नावाने.

दुकानाला ओल्या रंगाचा वास होता. ओट्यावर कोबीचे गड्डे रांगेत मांडलेले होते. मुलीने कागद उलगडला, सुरी पाहिली, क्षणभर कागदात आणखी काही आहे का तेही पाहिलं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

हा सूर नापाससाहेबांच्या ओळखीचा होता. दुसऱ्याचं बाळ पाहून लोक 'गोड आहे हं' म्हणताना जो लावतात, तो.

तिने एक गड्डा घेतला. पातं अर्ध्यातही पोचेना, म्हणून ती गड्डा फिरवून चारही बाजूंनी त्याला चिरत गेली, जसा एखादा हट्टी डबा उघडतात. पातं डावीकडे पळत होतं, त्यामुळे प्रत्येक काप एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने विटेचा तुकडा होत होता. जाड मूठ तळव्यात मावत नव्हती. तिसऱ्या गड्ड्याला तिने हात झटकला, तळवा एप्रनला पुसला आणि पुन्हा मूठ धरली.

"उद्या किती वाजता येणार तू?" त्यांनी विचारलं.

"येईन लवकर. पहाटेच येते, म्हणजे लोक यायच्या आत कापून होईल. जमेल हो."

"आणि परवा?"

"परवाही पहाटे." ती हसली. "चालेल की. तुम्ही एवढी केलीत."

त्यांनी खिशातला नकाशा बाहेर काढला. घडी अर्धी उलगडली. कागदावर सगळं बरोबर होतं. ओट्यावर मात्र कोबी पडला होता, आणि कोबीचा नकाशा बदलता येत नव्हता.

"नापास," ते म्हणाले.

"काय?"

"सुरी. नापास."

"अहो बाबा, नाही, तसं काही नाही. चालेल म्हटलं ना मी."

"चालेल म्हणजेच नापास. ज्याला पास म्हणता येत नाही त्याला माणसं चालेल म्हणतात. मी तुला दिलं ते तुझ्या कामाचं नाही. माझ्या हौसेसाठी तुला पहाटे उठवायचं, हे काही बरोबर नाही." इतरांना सांगताना हा शब्द किती सोपा होता!

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला रडू येईल अशी त्यांना भीती वाटली. पण तिने सुरी अलगद खाली ठेवली आणि एका श्वासात विचारलं, "खरंच? म्हणजे मी आणू? पलीकडच्या दुकानात आहे, निळ्या मुठीची. रोज जाता-येता बघते मी तिला."

आणि उत्तराची वाट न बघता ती एप्रनसकट रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

परत आली ती धापा टाकत. नापाससाहेबांनी सवयीने हात पुढे केला. एकदा धार बघावी, सरळपणा बघावा. पण सुरी त्यांच्या हातापर्यंत आलीच नाही. खच्च, खच्च, खच्च. गड्ड्याचे दोन, दोनाचे चार, आणि मग केसांसारख्या पातळ कोबीचा ढीग ओट्यावर वाढत गेला. मुलीचे खांदे सैल झाले होते. ती काहीतरी गुणगुणत होती.

ते तसेच उभे राहिले. दाढी खाजवली. रिकामा हात एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवला.

"बाबा, उभे काय आहात? त्या टोपलीतले कांदे सोला ना. हातानेच सोला, पटापट होतात."

नापाससाहेब स्टुलावर बसले. पहिला कांदा त्यांनी नीट, मन लावून सोलला आणि ओट्यावर ठेवला. मुलीने तो न थांबता उचलला, अंगठ्याने एकदा फिरवून पाहिला आणि त्यांच्याकडे परत सरकवला.

"देठापाशी साल राहिलंय."

'एवढंसं तर आहे', असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि कांदा परत घेतला.