मालुआक्कांची बिनचालीची ओवी

माझ्या दोन पट्ट्या मुक्या आहेत, मित्रांनो, तेव्हा बोलता बोलता मध्येच कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. मी एक जुनी बाजाची पेटी. शहरात मला हार्मोनियम म्हणतात, पण आमच्या गावात एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नाही. बेळगावजवळच्या मच्छे गावाच्या पुढे, भाताच्या आणि उसाच्या शेतांमध्ये आमचं गाव आहे.

माझा जन्म बेळगावातल्या एका अरुंद बोळात झाला. नागेंद्र मिस्त्रींनी खानापूरकडचं सागवान तासून माझं अंग घडवलं, पितळेचा एकेक सूर कानाशी धरून घासला आणि शेवटी भाता बसवला. पहिल्यांदा आत हवा शिरली तेव्हा मला गुदगुल्याच झाल्या. पुढे आमच्या गावच्या भजनी मंडळाने मला आणलं आणि मष्णूच्या स्वाधीन केलं. मष्णू तेव्हा पंचविशीचा होता. दिवसभर शेतात राबायचा आणि हात धुऊन माझ्यासमोर बसायचा. तरी त्याच्या बोटांना चिखलाचा वास असायचाच.

एकदा निपाणीकडे भजनाच्या स्पर्धेला जाताना मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खाली पडले. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या कायमच्या बसल्या. मंडळी कपाळाला हात लावून रस्त्याच्या कडेला बसली. मष्णूने मला पंच्याने पुसलं, दोन-चार वेळा बोटं फिरवून पाहिली आणि म्हणाला, "हायत त्यात भागवू. दोन ठिकाणी वळसा घालून जाऊ, आणि काय!"

त्या दिवशी त्याने चाल अशी काही वळवली की परीक्षकांनीही माना वर केल्या. मग त्याने माझ्या मुक्या पट्ट्या दुरुस्त करून घेतल्याच नाहीत. त्यांना चुकवत चुकवत त्याच्या चालींना एक वळण लागलं आणि दहा गावांतली माणसं ते दुरून ओळखू लागली. माझ्या व्यंगाचं कौतुक होताना मी मनातल्या मनात किती फुगत असे, ते काय सांगू!

मष्णूची थोरली बहीण मालुआक्का. लहान वयात विधवा होऊन त्या भावाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मंडळाचा कान म्हणजे त्याच. नवी चाल आधी त्यांना ऐकवायची, त्यांनी मान हलवली तरच ती मंडळात न्यायची, असा रिवाज होता. त्यांचा नियमही कडक होता. "अर्धी भाजलेली भाकरी ताटात न्हाय, आन् कच्ची चाल कानात न्हाय," असं त्या म्हणायच्या. मष्णूने हा नियम कधी मोडला नाही. मोडायची वेळच येत नसे. दुपारी जेवून तो माझ्यापुढे बसला की दिवेलागणीच्या आत चाल पुरी व्हायची.

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाने, सूरजने, वडिलांसाठी की-बोर्ड आणला. सूरज मच्छेच्या कारखान्यात कामाला आहे, वडिलांवर त्याचा फार जीव. "आप्पा, ह्यात पाचशे आवाज हायत आणि दोनशे ठेके. आता त्या मोडक्या पेटीवर कशाला बसायचं?" मष्णू लहान मुलासारखा हरखला. मला उचलून मधल्या खोलीत, मालुआक्कांच्या खाटेजवळ ठेवलं. मी जळले, खोटं कशाला बोलू? पण त्या की-बोर्डचा काही दोष नव्हता. तो बिचारा जे सांगाल ते वाजवायचा.

गेल्या वर्षी मालुआक्कांनी अंथरूण धरलं. बेळगावच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरात सगळ्यांना कळलं, त्यांनाही कळलं. एके दिवशी त्यांनी मष्णूला जवळ बसवून घेतलं. "मष्णू, जन्मभर तुझ्या चाली ऐकल्या. आता माझी एक ओवी हाय. तिला चाल लाव रं. मला ऐकून जायचं हाय."

माहेराच्या वाटंवर जांभळीची सावली,
भावाच्या दारात मला भेटली माउली.

मष्णूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आक्का, अशी चाल लावतो की सगळा गाव ऐकत राहील," तो म्हणाला.

तिथेच घोटाळा झाला, मित्रांनो. बहिणीची ओवी, तिला साधासुधा आवाज कसा चालेल? एक दिवस त्याने बासरी निवडली. दुसऱ्या दिवशी सनई बरी वाटली. सनई लग्नातली वाटते म्हणून सारंगी लावली. मग ठेका बदलला, मग पट्टी चढवली, पुन्हा उतरवली. फोनवर चाळीस चाली भरून ठेवल्या आणि कोणती कशी होती तेच विसरला. माझ्याजवळ असताना ज्याला वाट शोधावी लागायची, तो आता इतक्या वाटा दिसल्यावर नाक्यावरच उभा राहिला. मी भिंतीच्या अलीकडून सगळं ऐकत होते. त्यातल्या निदान सहा-सात चाली सुरेख होत्या, पण त्याला प्रत्येकीपेक्षा पुढची बरी वाटायची.

"झाली का रं?" आक्का रोज विचारायच्या.

"जरा दम धर गं आक्का. अजून कच्ची हाय."

आक्का "बरं" म्हणायच्या. नियम त्यांचाच होता ना! एका दुपारी घरी कुणी नव्हतं. त्यांनी कुशीवर वळून माझ्या झाकणावर हात ठेवला. हात कागदासारखा हलका झाला होता. "पेटीबाई, कच्ची बी चालली असती गं मला," त्या हळूच म्हणाल्या. "पर आता कुठल्या तोंडानं सांगू त्येला?"

मला ओरडून मष्णूला हाक मारावीशी वाटली. पण कुणी भाता हलवल्याशिवाय मला साधा हुंकारही देता येत नाही.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी मालुआक्का गेल्या. बाराव्याला मंडळ जमलं. टाळकरी गुंडू म्हणाला, "मष्णूआप्पा, आक्काची ओवी घ्या की." मष्णूने की-बोर्ड सुरू केला. बोटं पट्ट्यांवर नुसती फिरत राहिली. मग त्याने बटण बंद केलं. "चाल न्हाय झाली," एवढंच तो बोलला. शेवटी सूरजच्या मुलीने, ऋतिकाने, ती ओवी शाळेतला धडा वाचावा तशी वाचून दाखवली.

सगळे गेल्यावर मष्णू रिकाम्या खाटेवर येऊन बसला. मग स्वतःचीच समजूत घालावी तसा म्हणाला, "एक बरं झालं. कच्ची चाल तिच्या कानात घातली न्हाय." माझ्या आत काय झालं ते मलाच ठाऊक.

आता तो कशालाच हात लावत नाही. की-बोर्डवरही धूळ आहे, माझ्यावरही आहे. मला पुसा, जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण मित्रांनो, तुमचं चित्र, तुमचं गाणं, तुमचं पत्र कुणाला हवं असेल, तर हाताशी दोन रंग असोत नाहीतर दहा सूर, तेवढ्यात ते करा आणि घेऊन जा. कच्चं वाटलं तरी न्या. ऐकणारं माणूस आहे तोवर ऐकवा.