माशीचा गट

मर्ल ओबरमायरच्या रायफल क्लबात विक्रम मोडत नसत, नियम बदलत असत. भिंतीवर अक्रोडाच्या लाकडाचा फळा होता, त्यावर पितळी पट्ट्या, आणि पट्टीवर नाव लागलेला प्रत्येक माणूस पुढच्याच हिवाळ्यात खेळाच्या भल्यासाठी झटायला लागला होता.

पहिली पट्टी अध्यक्ष वेंडेलची. त्याने १९७३ साली पाच गुणांच्या निशाणावर अडीचशेपैकी दोनशे त्रेचाळीस मारले आणि लगेच त्याला साक्षात्कार झाला, की पाच गुणांचं निशाण फार जुनाट आहे, काळाबरोबर चाललं पाहिजे. दहा गुणांचं निशाण आलं, जुनं रद्दीत गेलं. तेव्हापासून वेंडेलला हरवायचं कशावर, हे कुणालाच माहीत नाही. दुसरी पट्टी हार्लनची. लाकडी दस्त्याच्या रायफलीने विक्रम केल्यावर त्याला काळ्या प्लॅस्टिकच्या रायफली खेळणी वाटायला लागल्या आणि त्याने त्यांना वेगळ्या गटात हाकललं. वर्षभरात सगळा क्लब त्या खेळण्यांकडे गेला. हार्लनला जाऊन वीस वर्षं झाली, पण लाकडी गटात तो अजून अजिंक्य आहे.

तिसरी पट्टी मर्लची, १९९७ सालची. काळी रायफल, नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने, म्हणजे लोखंडी खुंटीने, नेम, पन्नास गोळ्या, पाचशेपैकी चारशे चौऱ्याण्णव गुण, सतरा फुल्या. दहाच्या वर्तुळाच्या आत आणखी एक छोटं वर्तुळ असतं, त्यात लागलेली गोळी म्हणजे फुली. गुण सारखे झाले की फुल्या मोजायच्या, फुल्याही सारख्या निघाल्या तर आधीच्याचं नाव वर.

ही पट्टी म्हणजे मर्लचा जीव की प्राण. चाळीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. तिथे त्याचं नाव फक्त शर्टावर होतं आणि निवृत्त होताना शर्ट परत करावा लागला. म्हणून देशाच्या नेमबाजी संघटनेने रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगी दिली, तेव्हा मर्ल बैठकीत चक्क रडला. परंपरेसाठी, असं तो म्हणाला. दुर्बीणवाल्यांना वेगळा गट मिळाला आणि त्याचं रडू थांबलं. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यानेही नवी रायफल घेऊन तिच्यावर दुर्बीण चढवली. जुनी त्याने भाचीला, डार्लाला देऊन टाकली.

डार्ला गुरांची डॉक्टर, त्रेचाळीस वर्षांची. तिला रायफल धरायला मर्लनेच शिकवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मर्लने ठराव मांडला. माशीच्या गटात तीन वर्षं कुणी उतरलेलं नाही, उगाच कागद वाढतात, तेव्हा हा गट कायमचा बंद करावा.

"कायमचा?" डार्लाने विचारलं.

"कायमचा. पुन्हा उघडायचा नाही, असंच लिहिलंय. अर्धवट काम मला जमत नाही."

"हो का? मामा, तुला तुझी पट्टी तिजोरीत ठेवायचीय, तर सरळ तसं म्हण ना."

"तुला गाईंच्या पोटात हात घालायची सवय आहे म्हणून सगळीकडे घालू नकोस."

सगळे हसले, डार्लाही हसली. ठराव एकमताने पास झाला. एकच अडचण होती. कुठलाही गट बंद करायचा तर पूर्ण एक मोसम आधी कळवलं पाहिजे, असा नियम होता. हार्लनने एकदा रातोरात गट बंद करायचा घाट घातला होता, त्याला शह द्यायला हा नियम खुद्द मर्लनेच करून घेतला होता. म्हणजे गट ऑक्टोबरच्या शेवटच्या स्पर्धेनंतर बंद होणार. मर्लला फिकीर नव्हती. माशीने खेळतंय कोण?

ऑक्टोबरात डार्ला त्याची जुनी रायफल घेऊन आली. दुर्बीण नव्हती, माशीच होती.

"हे काय?" मर्लने विचारलं.

"गट बंद होतोय म्हटलं. मयताला जाऊन यावं."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत जवळच्या अंतरावरच्या तीस गोळ्या झाल्या आणि मर्लने हातातलं सँडविच खाली ठेवलं. डार्लाचे तीनशेपैकी दोनशे सत्त्याण्णव, नऊ फुल्या. उरल्या सहाशे यार्डांवरच्या वीस गोळ्या. इथे अर्धे लोक गोळ्या मारतात आणि अर्धे पलीकडे मातीच्या बांधामागच्या खड्ड्यात बसून त्यांची निशाणं सांभाळतात. कुणी कुणाचं सांभाळायचं, हे चिठ्ठ्यांवर ठरतं. मर्लने चिठ्ठी उचलली, तर सात नंबर. डार्लाचं निशाण.

तो खड्ड्यात उतरला. डोक्यावरून गोळी कडाडत गेली की निशाण खाली ओढायचं, भोकात खुणेची चकती खोचायची, गुणांची खूण लावायची आणि पुन्हा वर ढकलायचं. मर्ल प्रत्येक वेळी मनात म्हणत होता, वारा, अरे वाऱ्या, कुठे मेलास? तळ्यावरून वाराही येत होता, पण पोरगी त्याला ओळखून होती. ओळखणारच. वारा वाचायला शिकवलं कुणी?

एकोणीस गोळ्या झाल्या. एकशे सत्त्याऐंशी, आठ फुल्या. मर्लने बोटांवर दोनदा हिशेब केला. आता दहा लागले तर बरोबर चारशे चौऱ्याण्णव आणि सतरा फुल्या. म्हणजे बरोबरी, आणि आधीच्याचं नाव वर. फुली लागली तर सगळं संपलं.

विसावी गोळी आली. मर्लने निशाण खाली ओढलं. भोक फुलीच्या वर्तुळाला बाहेरून टेकलं होतं, किंवा टेकलं नव्हतं. टेकलं तर फुली, नाही तर नुसतेच दहा. शेजारच्या निशाणावर वेंडेल होता. त्याचं काम आटोपलं होतं, तो मान वाकडी करून बघायला आला.

"दहा," वेंडेल हळूच म्हणाला. "मला तर दहाच दिसतायत."

"तुला दहा दिसायला मी डॉलर दिलेत का?"

"अरे गाढवा, तुझ्याच पट्टीसाठी म्हणतोय. इथे आहे कोण बघायला?"

मर्लने खिशातून भोकात घालून बघायचं पितळी माप काढलं. त्याने आयुष्यभर नियम वाकवले होते, परंपरेच्या नावाने बैठकीत अश्रू ढाळले होते, हार्लनला तोंडघशी पाडलं होतं. पण भोकाला त्याने कधी खोटं पाडलं नव्हतं. तसं करता येतं हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. माप भोकात बसलं आणि त्याची कड रेषेवर आली. टेकली म्हणजे टेकली.

त्याने फुलीची खूण लावली आणि निशाण वर ढकललं. सहाशे यार्डांवरून कुणीतरी हुर्रे केलेलं ऐकू आलं, तेव्हा आपली पट्टी गेली हे त्याला उमगलं, आणि त्याच वेळी, देव जाणे कसं, त्याची छाती फुगली.

संध्याकाळी क्लबात वेंडेलच्या बायकोने केलेल्या चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचं, पातेलं फिरलं. पट्ट्यांवर नावं कोरायचं यंत्र मर्लकडेच होतं, त्यामुळे ते कामही त्याच्याच गळ्यात. त्याने नवी पट्टी कोरली: डार्ला, चारशे चौऱ्याण्णव, अठरा फुल्या. मग आपल्या पट्टीचे स्क्रू काढले. खालचं लाकूड अजून गडद होतं.

"पुढच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतो," तो डार्लाकडे न बघता म्हणाला. "मग बघू."

"कशात बघू, मामा? गट तर आजच बंद झाला."

"वेंडेल, पुन्हा उघडता येईल का?"

वेंडेलने चष्मा लावला, ठराव काढला आणि मर्लचंच अक्षर मोठ्याने वाचलं, "कायमचा. पुन्हा उघडायचा नाही."

डार्लाने चिलीचा वाडगा खाली ठेवला आणि मामाच्या खांद्यावर हात टाकला.

"नियम पक्का लिहिलायस हं," ती म्हणाली. "आता मला कुणाचा बापही हरवू शकणार नाही."

मर्लने तिच्या पट्टीचा शेवटचा स्क्रू पिळला. मग ती हलत तर नाही ना, हे बघून आणखी अर्धा फेरा दिला.