बंद न होणारं बटण

बटण बंद केलं तरी मोटर थांबेना. दोराची पाटी विहिरीतून वर येतच राहिली, आणि पाटीत माझा नवरा!

खोटं वाटेल, पण त्या उन्हाळ्यात विहीर अशी आटली होती की बेडकं पोरं काखोटीला मारून गाव सोडून गेली. गाळ काढल्याशिवाय घोटभर पाणी मिळणार नव्हतं. धाकट्या दिरानं जुन्या गाडीची बॅटरी आणली, मोटर नि दोराचं चाक बसवलं. चालू-बंद करायला भिंतीवरचं पंख्याचं बटण.

सून बॅटऱ्या दुरुस्त करते. ती तेव्हाच म्हणाली, "काका, हे घरच्या विजेचं बटण आहे. मोटरला नको."

"अगं, दोनशे तीस व्होल्ट सोसतं ते! ही बॅटरी तर बाराची. हत्ती पेलणाऱ्याला शेळी जड होते का?"

नवरा पाटीत बसून गाळ उपसायला खाली-वर करू लागला. तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथीला हे असं. दीर खटाखट बटण दाबतोय, त्यातून धूर, आणि वर लोखंडी चाक गरगरतंय. पाटीतून माझा म्हातारा ओरडतोय, "थांबव रे! डोकं जाईल माझं!"

"वहिनी, ऐकत नाही हो हे!"

मी विळा उचलला. सून किंचाळली, "आई, एकच वायर! दोन्ही एकत्र कापू नका, भडका उडेल!"

लाल वायर धरली नि ओढून कापली. अशी ठिणगी उडाली की सूर्यानं डोळे मिटले. मोटर थांबली. मोटरचा गिअर उलटा फिरत नव्हता म्हणून पाटी जागच्या जागी लोंबकळली. म्हाताऱ्याची टोपी चाकात गेली, डोकं वीतभर खाली राहिलं.

सुनेनं बटण उघडलं. आतले दोन तुकडे वितळून एक झालेले.

"घरची वीज सेकंदाला शंभरदा क्षणभर शून्यावर येते, तेवढ्यात ठिणगी विझते," ती म्हणाली. "बॅटरीची थांबतच नाही. ठिणगी जळत राहते, धातू चिकटतो. छोटा दिवा असता तर चाललं असतं. मोटर फार वीज ओढते."

"म्हणजे दम न खाता बोलणारी खाष्ट सासूच की!" मी म्हटलं.

"तुमच्यासारखी," ती म्हणाली.

तिनं बॅटरीच्या विजेसाठीच बनवलेला, मोटरच्या दुप्पट ताकदीचा स्विच लावला. बॅटरीला खेटून फ्यूज बसवला, आणि एका झटक्यात वायर सुटेल असा खटका माझ्या हाताशी ठेवला. दीर मान खाली घालून वायरी धरत होता.

पण पाणी अजून लागलं नव्हतं, आणि दुसरा कोणी खाली उतरायला तयार नव्हता. म्हातारा पाटीकडे निघाला. मी त्याला हातानं मागं सारलं. पाटीत त्याच्याएवढा धोंडा घातला, आणि दहा वेळा खाली-वर केला.

अकराव्यांदा नवरा बसवला.